अर्धा अंश

दमयंती तांबट पहिल्यांदा अंबडला आली
तेव्हा पिशवीत एक वाळलेलं सूर्यफूल
आणि वहीच्या पानावर एकच आकडा:
एकशे साडेसदतीस.
"प्रत्येक खवला मागच्यापासून इतका वळवायचा, पगारे.
दोनशे तेहेतीस खवले. सगळे सारखे.
बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी भितो.
तीस वर्षं डाय घासल्या,
मोटारींचे ब्रॅकेट, पंख्यांच्या टोप्या,
एकाचा जुळा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा.
त्या सगळ्यांचं मिळून पुढे काय होतं
ते दाखवायला कुणी परत आलं नाही.

खवला सोपा होता. दोन मिलीचं तांबं,
सीताफळाच्या डोळ्याएवढा फुगवटा,
प्रेस खाली आली की एक.
दिवसभर धाप. धाप.
तिच्या वडिलांच्या आळीत म्हणे
एका हंड्यावर हजार ठोके पडत
आणि आंधळ्यानंही हात फिरवून सांगावं,
हा काशिनाथचा, हा नव्हे.
माझ्या खवल्यांना बाप नव्हता.
बरंच होतं ते.

कोन धरायची तबकडी मी एकशे सदतीसवर कापली.
अर्धा अंश.
कुणाच्या बापाला कळतोय?

काशिनाथ तांबटांच्या दुकानात, ऐरणी सरकवून,
फळीवर खवले बसू लागले, मधून बाहेर.
पन्नासपर्यंत ठीक.
ऐंशीला तिनं मान तिरकी केली, मग पुढे गेली.
दीडशेला फुलाचा पंखा झाला.
खवले एकामागे एक, रेशनच्या दुकानापुढे उभे राहावेत तसे,
एकवीस रांगा,
आणि रांगांच्या मधून सरळ लाकूड दिसत होतं.
अर्धा गुणिले दीडशे, पंचाहत्तर.
एवढा पाढा मला येत होता.
मी स्टूल पुढे ओढलं आणि बसलो नाही.

ती रागावली नाही. सूर्यफूल माझ्या हातात दिलं.
"डावीकडे वळणाऱ्या ओळी मोज."
चौतीस.
"आता उजवीकडे."
दोनदा चुकलो. पंचावन्न.
"आता यातलं एक बी दाखव,
जे दुसऱ्याच्या बरोब्बर मागे लपलंय."
संध्याकाळपर्यंत शोधलं असतं मी,
पण समईत तेल घालायची वेळ झाली आणि तिनं फूल काढून घेतलं.

मग लाकडी हातोडीनं फळीवर वाजवून दाखवलं.
लघु एक मात्रा, गुरू दोन.
तीन मात्रा भरायच्या रीती तीन,
चाराच्या पाच, पाचाच्या आठ,
मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा.
"चौतीस, पंचावन्न याच ओळीतले. जुना हिशेब आहे, पगारे,
कविता रचणाऱ्यांनी मांडलेला."
काशिनाथना ऐकू येत नाही, ठोक्यांनीच कान नेले.
त्यांनी तळवा फळीवर टेकवला होता.
आठाच्या जागी तिनं सातच रीती वाजवल्या
तसं त्यांचं बोट उठलं:
एक राहिली.

दुसरी तबकडी कापायला तीन रात्री गेल्या.
बिल लावलं नाही.
लावलं असतं तर तिनं दिलं असतं, म्हणून.

आता ते मखमलाबादच्या शाळेत, भिंतीवर आहे.
रविवारी मी स्कूटर तिकडून वळवतो.
पोरांनी चेंडू मारून दोन खवले चेपवलेत,
हात पोचतो तिथवर तांबं लखलखीत, वर हिरवट.
डावीकडून बघितलं तर ओळी डावीकडे धावतात,
डोळे मिचकावले की उजवीकडे,
आणि मला अजून सांगता येत नाही
की माझ्या प्रेसखालून पहिला निघाला तो यातला कुठला.

चुकीची तबकडी मोडीत घातली नाही.
चहाच्या पातेल्यावर झाकण म्हणून नीट बसते.
कामाला नवा लागलेला गांगुर्डेंचा पोरगा
परवा व्हर्नियर हातात धरून विचारत होता,
"मिस्त्री, एवढासा फरक चालेल ना?"
मी पातेल्यावरचं झाकण उचललं,
चहा गाळला, त्याला दिला.
म्हटलं, आधी सांग, नग किती आहेत?